गयानाचा निळा समुद्र

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. एकेका देशाचा रिपोर्ट तयार करून व्यापाऱ्यांना विकायचा, हा आमचा धंदा. भूगोल, अर्थव्यवस्था, हवामान अशी तीन प्रकरणं, आत एक नकाशा आणि वर गुळगुळीत कव्हर. लिहिणारे आम्ही चौघं. ज्या देशाबद्दल लिहायचं तिथे आमच्यापैकी कुणीही कधी पाय ठेवलेला नव्हता. बॉसची मजल तर सुट्टीत स्पेनपर्यंत. तिथेही आपण आठवडाभर इंग्लिश ब्रेकफास्टच खाल्ला, हे तो अभिमानाने सांगायचा.

एका सोमवारी त्याने माझ्या माथी गयाना मारला. "छोटासा देश आहे. शुक्रवारपर्यंत उरक."

मी पुण्यातून अर्थशास्त्रात एम.ए. झालेलो, तेही फर्स्ट क्लासमध्ये. तरी गयाना आफ्रिकेत, घानाच्या आसपास कुठेतरी असावा अशी माझी ठाम समजूत होती. नकाशावर तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सापडला, तेव्हा मी आधी कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली. मग लायब्ररीतली दोन जुनी पुस्तकं आणि इंटरनेटवरची चार पानं यांची खिचडी शिजवली. साखर, तांदूळ, बॉक्साइट, सोनं. किनाऱ्याबद्दल धड काही मिळेना, तेव्हा एका कॅरिबियन बेटाच्या जुन्या रिपोर्टमधलं वाक्य उचलून चिकटवलं: निळं पाणी, पांढरी वाळू, पर्यटनाला मोठा वाव.

आमची घरमालकीण गयानाची आहे, हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. वर्षभर तिच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो, स्वयंपाकघर सामाईक होतं, तरी. रिटायर झालेली नर्स. तिचे पणजोबा बिहारमधून उसाच्या मळ्यावर गेलेले. ती रोज हनुमानाला दिवा लावायची, पण हिंदीचा एक शब्द येत नव्हता. "वेस्ट इंडीजकडची कुठलीतरी" एवढी तिची ओळख आम्हा नवराबायकोला पुरेशी वाटायची. तिने प्रेमाने दिलेली डाळपुरी वर नेऊन आम्ही हसायचो. बायको म्हणायची, "बिघडलेली पुरणपोळी." आम्ही अस्सल भारतीय ना.

शनिवारी सकाळी, आदल्या दिवशी बॉसला दिलेल्या रिपोर्टचा कच्चा खर्डा स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला होता. मी खाली आलो तेव्हा ती चष्मा लावून उभ्याउभ्या तो वाचत होती. हातात पेन्सिल.

"हे निळं पाणी तू कुठे पाहिलंस?"

"पुस्तकात, आंटी."

"आमचा समुद्र चहासारखा तपकिरी आहे. नद्यांचा गाळ. वाळू कसली, नुसता चिखल. आणि भरती आली की समुद्र आमच्या शेतांपेक्षा उंच असतो. म्हणून भिंत बांधलीय, भिंतीत दरवाजे आहेत. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीच्या आत बंद करायचे. माझे वडील हेच काम करायचे. एकदा ते तापाने फणफणले होते, तर आईने जाऊन दरवाजा उघडला. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून."

तिने पान उलटलं.

"वर्षातून दोनदा पावसाळा. त्यात दरवाजाची वेळ चुकली तर ऊसही गेला आणि भातही गेला. तू पाऊस एका पानावर लिहिलास आणि ऊस दुसऱ्यावर."

सोमवारी तिच्या पेन्सिलीच्या खुणा मी बॉससमोर ठेवल्या. त्याने वरवर पाहिलं. "बीच राहू दे. लोकांना बीच आवडतो."

"पण तिथे चिखल आहे."

"चिखलाचा रिपोर्ट कोण विकत घेणार?"

माझं वर्क परमिट या कंपनीच्या हातात होतं म्हणून मी वाद घातला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे पुन्हा लिहायचे कष्ट वाचले म्हणून मला बरंच वाटलं होतं. रिपोर्ट निळ्या पाण्यासकट छापला गेला. कव्हरवरही समुद्रच होता, कुठला ते देव जाणे.

"छापून आला का रे?" आंटीने विचारलं. "अजून नाही," मी म्हणालो. असं तीनदा झालं. मग तिने विचारणं सोडून दिलं.

पुढच्या महिन्यात बॉसने सुरीनाम दिला. "शेजारचाच देश आहे. नावं बदल की झालं."

तिला काय वाटेल याचा विचारही न करता मी वही घेऊन खाली गेलो. आंटी तांदूळ निवडत होती. तिचं गाव सीमेवरच्या नदीकाठी होतं आणि पलीकडे सुरीनाम, एवढं तिच्याकडूनच कळलं होतं.

"आंटी, सुरीनामबद्दल थोडं सांगा ना."

"मला काय ठाऊक तिथलं?"

"समोर दिसायचं की तुम्हाला."

"दिसायचं. पण गेले कधीच नाही. तिथल्या कुणाला तरी विचार." आणि ती पुन्हा तांदळाकडे वळली.

मी वर आलो आणि तीन दिवसांत सुरीनाम लिहून टाकला. बॉसला त्यात एकही चूक सापडली नाही.