मायचं मडक्यातलं मटण

मायला लकवा झाला तेव्हा तिचा उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले. एकच उरला, "नाई". हो म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच निघायचा. मी नर्स आहे, असे पेशंट मी पाहिलेत. घरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

गडचिरोलीला ट्रेनिंगमध्ये सोबत असलेल्या दोन मैत्रिणी एका रविवारी ऊर्जानगरला आमच्या क्वार्टरवर जेवायला आल्या. होस्टेलवर असताना माय म्हशीचं भाजलेलं मटण डब्यातून पाठवायची. तेच त्यांना हवं होतं. मी ते कधी केलंच नव्हतं, नुसतं खाल्लं होतं.

सकाळीच राजुऱ्याहून मांडीचा अख्खा तुकडा आणला. त्याला चिरा देऊन गावठी लसूण, मिरची, मीठ आणि जवसाचं तेल चोळलं. पळसाच्या पानांत बांधून मडक्यात ठेवला आणि तोंड कणकेनं बंद केलं. मागच्या अंगणात खाली-वर निखारे घातले. मायची खुर्ची जवळ आणून ठेवली.

तासाभरानं ती डावा हात हलवू लागली. "नाई. नाई."

"का झालं माय? वरून अजून निखारे टाकू?"

"नाई."

"कमी करू?"

"नाई!"

"पाणी पाहिजे तुले?"

एक मैत्रीण म्हणाली, "उघडून पाहू का?"

"नको, वाफ गेली तर कच्चं राहीन."

मायनं माझी ओढणी धरून ओढली. मी तिला पाणी पाजलं. तिनं ते हनुवटीवरून सांडू दिलं.

थोड्या वेळानं जळका वास आम्हालाही आला. घाईघाईनं मडकं उघडलं. खालची बाजू कोळसा झाली होती. मायला ते आमच्या कितीतरी आधी कळलं होतं. ती रडत होती, आवाज न करता.

जळालेलं कापून टाकलं, उरलेलं वाढलं. "मस्त झालं वं," मैत्रिणी म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवत राहिल्या.

मायला ठसका लागतो, म्हणून डॉक्टरांनी मऊच द्यायला सांगितलं होतं. मी तिला भात भरवत होते, ती त्यांच्या ताटांकडे पाहत होती. शेवटी वरच्या पानांत साचलेला थोडा रस बोटानं तिच्या जिभेला लावला. तिनं डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहून पुन्हा तोंड उघडलं.

मी भाताचा चमचा पुढे केला.