तापलेली नळी

डॉक्टरसाहेबांनी मुंबईहून नवा ड्रायव्हर आणला, तेव्हा त्यांची मोटार चार वर्षं मीच चालवत होतो. सोलापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. गिरणीचा भोंगा झाला की कामावर निघालेली माणसं वळून वळून माझ्याकडं बघायची. हा आला तो इस्त्रीची खाकी पँट घालून. साहेब म्हणाले, महिनाभर दोघांनी आळीपाळीनं चालवा, मग स्टिअरिंग कुणाकडं द्यायचं ते बघू. दुसऱ्यानं क्लीनर व्हायचं.

त्याचा मला असा राग यायचा की सोय नाही. तो गिअर बदलायचा ते कळायचंसुद्धा नाही. एकदा बाईसाहेब म्हणाल्या, "किती अलगद चालवतो हो हा!" त्या दिवशी मला घास गिळवला नाही. चार वर्षांत माझ्या चालवण्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. त्यात माणूस स्वभावानं चांगला. वाईट असता तर माझं तरी सोपं झालं असतं.

वैशाखात आम्ही अक्कलकोटकडच्या एका खेड्यात गेलो. गाडी त्याच्याकडं होती. साहेब रोग्याजवळ पंधरा मिनिटं थांबून बाहेर आले आणि गाडी सुरू होईना. हँडल मारून मारून तो घामानं निथळला. टाकीत पेट्रोल भरपूर. मी सहज वाकल्यासारखं करून पेट्रोलच्या नळीला बोट लावलं. चर्रकन चटका बसला.

मला कळलं. उभ्या गाडीला वारा लागत नाही, तापलेल्या इंजिनाजवळ नळी भाजून निघते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफच पेट्रोलची वाट अडवून बसते. मागच्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात दोन तास डोकं फोडून मी हे शिकलो होतो. नळीवर ओलं फडकं गुंडाळायचं, की दहा मिनिटांत गाडी चालू.

तो हात पुसत माझ्याकडं आला. "दादा, हिला तुम्ही जास्त ओळखता. काय झालं असेल?"

"ठिणगीचे पॉइंट खराब झाले असत्याल," मी म्हणालो. "लई बारकाईनं घासावं लागत्यात."

तो बिचारा उन्हात पॉइंट सोडवायला बसला. मी लिंबाखाली पाण्याची छागल घेऊन बसलो. मध्येच त्यानं पाणी मागितलं, ते मी दिलं. त्यातलं ओंजळभर नळीवर पडलं असतं तरी पुरे होतं. मी छागल परत घेतली आणि बूच घट्ट लावलं. साहेब सारखे घड्याळ बघत होते. प्रत्येक वेळी मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

जळफळाटात एक गोष्ट मात्र मी विसरलो. ती नळी नुसतं थांबलं तरी निवते. दीड तासानं ऊन कललं, लिंबाची सावली गाडीवर आली, त्यानं घासलेले पॉइंट बसवले, हँडल मारलं आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

"मी नुसते हात चालवले, साहेब. दोष दादांनी सांगितला."

साहेब माझ्याकडं वळले. "तुला दोष ठाऊक होता? मग हा उन्हात एकटा भाजत असताना तू दीड तास सावलीत काय करत होतास?"

खरं सांगितलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं. मी खाली वाकून हँडल उचललं आणि गाडीत ठेवलं.

"उद्यापासून स्टिअरिंग ह्याच्याकडं," साहेब म्हणाले.

"व्हय, साहेब," म्हणून मी क्लीनरच्या जागेवर बसलो. सोलापूर येईपर्यंत तो मला हळूच सांगत राहिला, "दादा, मनावर घेऊ नका. आज तुमच्यामुळंच तर मी शिकलो."