पाहुणे नावेतच उभे होते

नव्वदच्या दशकातला जुलैचा एक शनिवार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरात होड्यांचा फेस्टिव्हल होता, म्हणून लंडनजवळच्या पिनरहून मी आईला ट्रेनने घेऊन गेले होते. आई हर्णैची… समुद्र दिसला की खुलायची.

खास पाहुणे होते पॅसिफिकमधल्या बेटांवरचे खलाशी. दोन लांब होड्या शेजारी-शेजारी बांधलेली त्यांची नाव धक्क्याला लागली. यांचे पूर्वज होकायंत्राशिवाय, नुसते तारे आणि लाटा ओळखून हजारो मैल जायचे.

आणि माइकवरचा आयोजक काय सांगत होता? “वाऱ्याने भरकटले आणि नशिबाने बेटं सापडली!” लोक हसले. माझं डोकंच फिरलं… अहो, ती माणसं समोर उभी आहेत, त्यांनाच विचारा ना!

त्यात खलाशी उतरेचनात. पाऊस भुरभुरायला लागला तरी सगळे नावेत ताठ उभे. त्यांच्यातल्या एका मुलीने धक्क्यावर व्यवस्था बघणाऱ्या स्टुअर्डला सांगितलं, “यजमानांनी हाक मारल्याशिवाय आम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवत नाही.”

निरोप आयोजकापर्यंत गेला. “इन्व्हिटेशन पाठवलं होतं की! आता आटपा म्हणावं, बँड खोळंबलाय,” हे तो चक्क माइकवरून बोलला. पाहुण्यांच्या तोंडावर!

“काय गं, उतरत का नाहीत ते?” आईने विचारलं. मी सांगितलं.

“म्हणजे एवढ्या माणसांत कोणी ‘या’सुद्धा म्हणत नाहीये?” असं म्हणून ती गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीखालून निघालीच.

“आई, थांब ना, लोक बघतायत…” मी तिची शाल ओढली. तिने शाल माझ्या हातात सोडून दिली.

धक्क्याच्या कडेला उभी राहून तिने पदर खोचला आणि खणखणीत हाक मारली, “या हो, या! दमला असाल, या!”

मग नावेतल्या एका वयस्कर बाईने लांब, चढ्या सुरात उत्तर दिलं… माझ्या अंगावर काटा आला. एकेक जण उतरला. म्हाताऱ्या कप्तानाने त्यांच्या रीतीप्रमाणे आईच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. आई चक्क लाजली.

आयोजकाने बँडला खूण केली. सॉरी नाही, काही नाही.

त्या माणसाचा राग आजही येतो. पण त्याहून जास्त स्वतःचा येतो… मनातल्या मनात एवढी चडफडत होते, आणि जी एकटी बोलायला निघाली, तिलाच मी मागे ओढत होते.