नऊ नंबरचं तिकीट

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून डोंबिवलीला परतताना आमचे खिसे हलके असतात. किस्से मात्र इतके जमतात की कळव्याचा पूल येईपर्यंत गाडीत बसायला जागा उरत नाही. आम्ही चौघं होतो. पेडणेकर, जोगळेकर, मी आणि माझी बायको सुनंदा.

*

पैसे लावायला पेडणेकर बुकीवाले, जोगळेकर टोटवाले. बुकीकडे भाव आधीच ठरतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जातात, जिंकणाऱ्यांत वाटले जातात आणि कोणाला किती मिळणार ते शर्यतीनंतर कळतं.

"जिलब्या किती मिळणार ते पंगत उठल्यावर कळणार? असलं जेवण आपल्याला नको!" इति पेडणेकर.

*

जोगळेकरांना एकदा 'आतली' टिप मिळाली. त्यांनी ती ठाण्याच्या ऑफिसात सांगितली, कळव्याच्या मेव्हण्याला सांगितली आणि रेसकोर्सवरच्या रांगेत मागेपुढे उभ्या असलेल्यांनाही सांगितली. सगळ्यांनी त्याच घोड्यावर लावलं. घोडा जिंकला! दहा रुपयांना मिळाले बारा.

"टिप होती की सोसायटीची नोटीस?" पेडणेकरांनी विचारलं.

"एकट्याने जिंकण्यात काय मजा?" जोगळेकर म्हणाले, पण चेहरा पडलेलाच होता.

*

पेडणेकरांचंही झालंच. त्यांनी बुकीकडे रुपयाला आठचा भाव पक्का केला. पाच मिनिटांत तोच बुकी पंधरा द्यायला लागला आणि घोडा जिंकला. ठाणं आलं. मग पेडणेकर एकच वाक्य बोलले, "भाव घेतला की घेतला. मागे फिरायचं नाही!"

*

सुनंदा शाळेत शिकवायची. पहिल्यांदा आली तेव्हा टोटचा बोर्ड बघत बसली. कुठल्या घोड्यावर किती लागलेत ते त्यावरून कळतं.

"या घोड्यावर कोणीच कसं लावलं नाही?"

"वहिनी, तो शर्यत संपल्यावर पोचतो!" जोगळेकर म्हणाले.

"म्हणून काय झालं? शेवटच्या बाकावरच्यालाही हजेरीत हाक मारावीच लागते."

पेडणेकर तिला आपल्या बुकीकडे घेऊन गेले. तिची नोट बघून तो हसला. "बाई, एवढं लहान आम्ही घेत नाही."

"मग आपला टोटच बरा," म्हणत ती रांगेत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून दर रविवारी पहिल्या शर्यतीत, ज्याच्यावर सगळ्यात कमी लागलेत त्या घोड्याचं सगळ्यात लहान तिकीट. एकदाही जिंकली नाही, एकदाही चुकवलं नाही.

*

मागच्या सीझनला ती हॉस्पिटलमध्ये होती. रविवारी मी तिच्याजवळ बसून होतो.

"आज तिकीट?"

"राहिलं."

"पुढे राहू देऊ नका."

मी हो म्हणालो.

*

या सीझनचा पहिला रविवार. जायचं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. गाडीत तिघंच होतो. किस्सा कोणी काढला नाही.

बोर्डावर लागलेल्या पैशांत नऊ नंबर सगळ्यात तळाला होता. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चांगली वीस माणसं होती. खिडकीजवळ पोचून पुन्हा बोर्ड पाहतो तर नऊ नंबरवर भसाभस पैसे लागून त्याचा भाव धाडकन कोसळलेला!

पलीकडच्या खिडकीवरून जोगळेकर येत होते. हातात तिकीट, नऊ नंबर. त्यांच्या मागे पेडणेकर. आयुष्यात पहिल्यांदा टोटच्या रांगेतून! त्यांच्याही हातात नऊ नंबर.

"किती लावलेत?" मी विचारलं.

"हजार," पेडणेकर ओशाळून म्हणाले. "त्याहून कमी लावायची सवयच नाही हो."

मी बोर्ड नीट पाहिला. आता सगळ्यात तळाला चार नंबर होता. मी खिडकीत नोट सरकवली. "चार नंबर."

"अहो, चार काय? वहिनींचा घोडा नऊ!" जोगळेकर म्हणाले.

"नऊला आता तुम्ही दोघं आहात."

पेडणेकरांनी बोर्डाकडे पाहिलं. मग त्यांचा हात पुन्हा पाकिटाकडे गेला. "थांबा, मग मीही चारवर..."

"खबरदार!" मी म्हणालो. "पुन्हा रांगेत उभं राहायला लावाल मला!"