पडद्यामागून पाहिलेला महाल

“बघणाऱ्याला हुबं कुटं करणार?” हा तिचा पहिला प्रश्न असायचा, आणि पुष्कळदा शेवटचाही. विचारून झाला की ती उजवा पंजा जमिनीकडे करून हवेतच एक जागा दाबायची, जणू तिथे कोणाला तरी खांद्याला धरून उभं करते आहे. ज्याला विचारलं तो मग त्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचा.

उंब्रजच्या पुढे हायवेला लागून पाण्याचा एक पार्क आहे. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, कँटीन, असा नेहमीचा. मी तिथे ऑफिसात आठ वर्षं काढली. ती फाटकाच्या आत, पोहण्याचे कपडे आणि लॉकरच्या किल्ल्या देण्याच्या खिडकीत बसायची. साठी ओलांडलेली, ठेंगणी, कपाळ कोरं. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचे. कपडे देताना ती माप विचारत नसे. माणसाकडे एकदा बघायची आणि मागच्या फळीवरून बरोबर माप काढायची. बायका ते कपडे घ्यायला लाजत. त्यांना ती आधी गाव विचारायची, गावातलं कोणी ओळखीचं निघतं का बघायची, आणि ते बोलणं चालू असताना गठ्ठा त्यांच्या हातात गेलेला असायचा.

पार्कचे मालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरचा ऊस. पार्कला लागून असलेलं उसाचं रान त्यांनी एका वर्षी मोकळं केलं आणि तिथे सिनेमाची दुनिया उभारायची ठरवली. कल्पना त्यांच्या पुतण्याची. तो पुण्यात शिकून आलेला आणि परदेशातले मोठे पार्क फोनवर पाहून पाहून त्याला पाठ झालेले. तिकडे म्हणे एकेका गाजलेल्या सिनेमामालिकेचं गावच्या गाव वसवतात. रस्ते, दुकानं, राक्षस, सगळं. आपणही दोन-तीन वसवू, असं त्याचं म्हणणं. कुठल्या मालिका घ्यायच्या, एवढंच ठरायचं होतं. साहेबांना फौजेची सवय. सोमवारी पार्क बंद असतो. त्या दिवशी सगळ्यांनी कँटीनच्या शेडमध्ये बसायचं आणि प्रत्येकाने मत द्यायचं, असा हुकूम निघाला. मतं लिहून घ्यायला मी.

तुम्ही अशा बैठका पाहिल्या असतील. ज्यांना कधी कोणी काही विचारलेलं नसतं, ती माणसं अशा वेळी फार जोरात बोलतात. घसरगुंडीवरच्या पोरांना मारामारीवाल्या पोलीस इन्स्पेक्टरची मालिका हवी होती. तिचे चार भाग आले होते आणि पाचवा येणार होता. आचाऱ्याला भुताची हवी होती. वॉचमन देवाधर्माचे सिनेमे घ्या म्हणाला. पुतण्याने स्वतः दोन काढून ठेवल्या होत्या, एक उडणाऱ्या वीरांची आणि एक अंतराळातल्या लढायांची.

मावशी खांबाला टेकून बसली होती. तिने एकेकाला तोच प्रश्न केला. इन्स्पेक्टरच्या सिनेमात बघणारा उभा कुठे राहणार? चौकीत? चौकीत जायला कोणी तिकीट काढत नाही, उलट बाहेर यायला धडपडतो. भुताच्या सिनेमात लोक डोळे मिटून घेतात, आणि ओल्या फरशीवर डोळे मिटून चाललं तर माणूस आपटेल. देवाचं केलं तर चपला काढायला लावाव्या लागतील, आणि अर्ध्या कपड्यात देवापुढे कोण उभं राहील? अंतराळाचं तिला पटत होतं, पण तिथे वजन नसतं असं तिने ऐकलं होतं. ते कसं करणार, एवढं तिने साध्या कुतूहलाने विचारलं. सगळे हसले आणि पुतण्याला ते लागलं.

तो म्हणाला, मग मावशी, तुम्हीच सांगा.

तिने सांगितलेली मालिका आमच्यापैकी एकानेही पाहिली नव्हती. दक्षिणेकडून आलेली, हिंदीत बोलती केलेली, पाताळातल्या राणीच्या पाण्याखालच्या महालाची. तीन भाग होते. ते तिला कसे ठाऊक, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिचा नवरा तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. माण, आटपाडी, जतच्या जत्रांतून त्यांचा तंबू फिरायचा. मशीन पुढे, आणि पडद्यामागे यांचा संसार. चूल तिथे, लेकीचा पाळणा तिथे. सगळे सिनेमे तिने भाकरी थापता थापता मागच्या बाजूने पाहिलेले.

“मागनं अक्षरं उलटी दिसायची म्हणं,” ती म्हणाली. “मला काय, सुलटी बी तशीच.”

मग तिने एक गोष्ट सांगितली. माणमध्ये एका उन्हाळ्यात, टँकरही येईनासा झाला होता तेव्हा, त्यांनी त्या मालिकेचा पहिला भाग लावला. पडद्यावर राणीचा महाल, खांबांमधून मासे, वर हिरवं पाणी. सिनेमा चालू असताना एक म्हातारा मेंढका उठून पडद्यामागे आला. तिला वाटलं, पाणी प्यायला मागतोय. तर तो पडद्याखालची माती हाताने चाचपून बघत होता. एवढं पाणी इकडं कुठं जातंय, असं त्याने तिला विचारलं. ती त्याला हसली नाही. तिने त्याला तिथेच बसवून घेतलं आणि त्याने उरलेला सिनेमा तिच्या चुलीशेजारी पाहिला.

“आवं सायब,” ती म्हणाली, “माझ्या खिडकीत रोज गाडी भरून लोकं येत्यात. दहिवडी, आटपाडी, म्हसवड. ती हिरो बघाय येत न्हाईत. पाणी बघाय येत्यात.”

साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि मला लिहायला सांगितलं. पण पुतण्या म्हणाला की जो सिनेमा कोणाला आठवतच नाही त्याच्या नावावर माणूस येणार नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. हात वर करून मतं घेतली तेव्हा मावशीच्या बाजूने एकच हात वर झाला, तिचा. मी लिहीत होते, म्हणून हात वर केला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ठरलं, उडणारे वीर आणि अंतराळ. पुतण्याने साताऱ्याच्या वकिलांना गाठलं तेव्हा कळलं की ती नावं, ते चेहरे, ते पोशाख, काहीच परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि परवानगी आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. पुढच्या सोमवारी शेडमध्ये कोणीतरी म्हणालं, नावात दोन अक्षरं इकडची तिकडं करू. पोशाखाचा रंग बदलू. पब्लिकला कळतंय तेवढं. हे सगळ्यांना एकदम पसंत पडलं. फलकाचा नमुनासुद्धा तयार झाला.

मावशी उभी राहिली. बैठकीत ती उभी राहून बोलली ती एवढी एकच वेळ. आटपाडीला एकदा तंबूच्या मालकाने असंच केलं होतं, ती म्हणाली. गाजलेल्या सिनेमाचा फलक लावला आणि आत त्याच नावासारख्या नावाचा दुसराच दाखवला. पंधरा मिनिटांत लोकांना समजलं. त्यांनी तंबूचे दोर कापले. मालक पळाला. तिचा नवरा मशीनपाशी राहिला, कारण मशीन सोडून जाणं त्याला जमलं नाही. लोकांनी त्यालाच बडवलं, आणि त्याच्या डाव्या कानाने पुढे कधी ऐकू आलं नाही.

“लोकं वाईट नव्हती,” ती म्हणाली. “लांबनं चालत आलेली.”

पुतण्या म्हणाला, मावशी, आता जमाना बदलला, तुमच्या किल्ल्यांच्या जागीसुद्धा मनगटाचे पट्टे येणार आहेत. हे त्याने रागात म्हटलं की सहज, मला सांगता येणार नाही. त्याचा अर्थ शेडमधल्या सगळ्यांना समजला. तिलाही समजला असणार. ती म्हणाली, “येऊ द्या की. पण खोटा फलक लावू नगा.” आणि खाली बसली.

साहेबांनी फलकाचा नमुना गुंडाळून पुतण्याच्या हातात दिला आणि म्हणाले, आपण आपलं काहीतरी बांधू. पाण्याखालचा महाल बांधू. सिनेमाचं नाव नको. पुतण्या आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण काम त्यानेच उभं केलं, आणि मन लावून केलं, हे लिहायला हवं.

सांगलीहून एक मूर्तिकार आला. तो महाल कसा असावा हे विचारायला मावशीच्या खिडकीत बसायचा. तिने त्याला सांगितलं ते सगळंच सिनेमातलं होतं, की पंचवीस-तीस वर्षांत त्यात तिने स्वतःची भर घातली होती, कोण जाणे. राणी कुठे बसायची, पाणी कुठून यायचं, मोठा दरवाजा डाव्या हाताला. महाल तसा उभा राहिला. काम संपत आलं तेव्हा साहेबांचे एक जुने शिक्षक बघायला आले. त्यांनी तो सिनेमा त्या काळी दहिवडीला पाहिला होता. त्यांना महाल फार आवडला. जाताना मात्र म्हणाले, दरवाजा उजवीकडे हवा होता.

पुतण्या तडक खिडकीकडे गेला. मी मागोमाग. त्याने विचारलं तेव्हा मावशीने हातातला कपड्यांचा गठ्ठा खाली ठेवला. थोडा विचार केला.

“माझ्या बाजूनं डावीकडंच हुता,” ती म्हणाली.

पुतण्या हसत सुटला. त्या दिवसापासून तो तिच्याशी नीट बोलू लागला. दरवाजा कोणी हलवला नाही.

महाल उघडला तेव्हा गर्दी एवढी झाली की मावशीला खिडकी सोडता आली नाही. पुढे दोन महिन्यांत पट्टे आले. पट्टा टेकवला की लॉकर उघडायचं. कपडेही बाहेर दुकानात मिळू लागले. साहेबांनी तिला महालाच्या दाराशी खुर्चीवर बसायला सांगितलं, काम काही नाही, नुसतं बसायचं. तिने नकार दिला. लेक आटपाडीला होती, जावई सारखा बोलवत होता. शनिवारी जाते, म्हणाली.

त्याआधीच्या सोमवारी ती ऑफिसच्या दाराशी आली आणि मला म्हणाली, “चल गं पोरी, वाईच महाल बघून येऊ.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला पार्कच्या पाण्यात कधीच पाहिलेलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना कपडे दिले. स्वतःचा पायही तिने बुडवला नव्हता.

धुण्यासाठी महालातलं पाणी काढून टाकलं होतं. निळ्या पायऱ्या कोरड्या होत्या. ती चपला काढून एकेक पायरी उतरली आणि मधोमध, सगळ्यात खोल जागी जाऊन थांबली. खांबांवरचे मासे, वरची हिरवी काच, राणीचं आसन, सगळीकडे ती सावकाश बघत होती. मोटार चालू करायला सांगू का, असं मी विचारलं. ती व्हय म्हणाली.

मोटारवाल्याने कळ दाबली. चारही बाजूंच्या तोंडांतून पाणी यायला लागलं. ते फरशीवरून पसरत तिच्या पायांपर्यंत आलं, मग घोट्यांवर चढलं. तिने लुगडं वर धरलं नाही. काठ भिजला, मग निऱ्या पाण्यावर उघडून तरंगायला लागल्या. गुडघ्यांपर्यंत पाणी आलं तेव्हा मी वरून हाक मारली. मोटारीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. ती वाकली होती आणि दोन्ही तळहात पाण्यावर सपाट ठेवून, ते वर चढेल तसे हात वर घेत होती.