गालाच्या नसेची गोळी

सुनीताबाईंचे डोळे उघडत नव्हते आणि त्यांच्या सासूबाई मला त्यांना हात लावू देत नव्हत्या. आंजी गावाहून त्यांना ऑटोने आणलं होतं. अंगात ताप, छातीवर काळपट लाल चट्टे, ओठांवर खपल्या, साडीत कडुनिंबाचा पाला. घरात माता आली, म्हणजे गोवर-कांजिण्या, असं घरच्यांनी ठरवलं होतं. पण पाणीही गिळवेना, तेव्हा मास्तर असलेल्या नवऱ्याने आईचा विरोध पत्करून ओपीडी गाठली.

मला माता पटेना. तोंड, डोळे आणि कातडी एकदम सोलायला लागली की आम्ही त्वचेचे डॉक्टर आधी गोळ्यांवर संशय घेतो. मास्तरांनी आईला बाजूला घेतलं, तेव्हा मी पाठीवर हलकेच अंगठा फिरवला, तर कातडी सायीसारखी सरकली. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. एखाद्या औषधावर शरीर बिथरतं आणि स्वतःचीच कातडी टाकू लागतं. यात डोळे जातात, जीवही जातो. ती गोळी सगळ्यात आधी थांबवावी लागते.

कोणतं औषध चालू आहे, मी विचारलं.

"एकबी नाई," सासूबाई म्हणाल्या. "माता असली तं औषध देत नाई. तापाची गोळीबी बंद केली."

त्यांच्या समजुतीप्रमाणे त्या खरं बोलत होत्या, त्यामुळे मी आणखी वैतागले. मग विचारलं, सकाळी पाण्यासोबत काय घेते?

"ते गालाच्या नसेची. रोजची आहे, ते औषध थोडी आहे? आजबी चुरा करून देल्ली."

गालात कळा येतात म्हणून महिन्याभरापूर्वी सुरू झालेली, फिटवरही देतात ती कार्बामाझेपिन. औषध गुणी आहे, पण क्वचित कुणावर असं उलटतं.

गोळी थांबवली. आयसीयूत भाजलेल्या पेशंटसारखी देखभाल, सलाईन, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या. पाला काढायला सासूबाई तयार नव्हत्या. मी वाद घातला नाही. पाला दाराबाहेर ठेवा, मातेचे बाकी नियम पाळा म्हटलं: वेगळी खोली, पाहुणे नाहीत, शिवाशिव नाही. जंतुसंसर्ग टाळायला मला तेच हवं होतं. त्यांनी एकाही नातेवाइकाला आत सोडलं नाही.

सुनीताबाई वाचल्या, नजरही राहिली. डोळ्यांत थेंब मात्र कायम घालावे लागतात. डिस्चार्जच्या वेळी मी बजावलं, ही गोळी जन्मात घ्यायची नाही, कोणत्याही कंपनीची. सुनीताबाईंनी मान हलवली आणि पिशवी उचलता उचलता विचारलं,

"मॅडम, घरी अर्धं पाकीट उरलं आहे. माह्या बहिणीचाबी गाल दुखते. तिले देऊ काय?"

हा धोका सख्ख्या बहिणीच्या रक्तातही असू शकतो. मास्तरांना तसंच घरी पाठवून ते पाकीट मागवलं.

आता मी पेशंटला नुसतं गोळी बंद करा म्हणत नाही. उरलेल्या मला आणून द्या म्हणते.