उरलेला अर्धा भाग

आमच्या अंतराळयानाच्या मालिकेचं आणखी एक पर्व आलंय. चाहत्यांच्या ग्रुपवर रोज काथ्याकूट चालतो, की लोकांचा रस का उडाला. कोणी म्हणतं, एका मालिकेला फार फाटे फुटले. कोणी म्हणतं, मेलेल्याला दुसऱ्या विश्वातून परत आणतात, मग मरणाला किंमत काय राहिली? खरंय. एकाला तर तीनदा मारून तीनदा उठवलाय. मेल्यावरही सुखाने पडू देत नाहीत. मी वाचतो आणि गप्प बसतो. माझं कारण ग्रुपवर टाकण्यासारखं नाही.

मिरजगावला आम्ही मळ्यात राहायचो. माझा दोस्त गावात, पेठेत. त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. मालिका आठवड्यातून एकदा, आठ ते नऊ. भारनियमन असं, की मळ्यातली लाईट साडेआठला जायची आणि नेमकी तेव्हाच गावात यायची. म्हणून पहिला अर्धा भाग माझा, दुसरा त्याचा. सकाळी शाळेत जाताना एसटी स्टँडवर आम्ही दोन्ही तुकडे जोडायचो. मी माझा भराभर उरकायचो. तो मात्र हातवारे करत, यानाचे आवाज काढत सांगायचा. रसवंतीवालासुद्धा चरक थांबवून ऐकायचा.

दहावीत असताना माझी आई गेली. तेरावा झाल्यावर शाळेत जायला लागलो, त्याच आठवड्यात यानाचा म्हातारा इंजिनियर परक्या ग्रहावर अडकला. त्याचा प्राणवायू संपत आला होता आणि आमची लाईट गेली. मी रात्रभर तळमळत होतो.

सकाळी दोस्त लांबूनच ओरडला, "वाचला गड्या! सगळी न्हाई म्हनत हुती, पन कप्तानानं यान माघारी फिरवलं. आपला मानूस टाकून जायचं न्हाई म्हनला."

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो. पुढच्या भागात इंजिनियर दिसेना, म्हणून मी विचारलं. "त्याची बदली झाली," दोस्त म्हणाला. माझे वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदली मला लगेच पटली. त्या वर्षी यानावरच्या आणखी दोघांची बदली झाली.

पुढे मी नोकरीसाठी नगरला आलो. तो दुकान सांभाळायला गावातच राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याला नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा आजार हाताबाहेर गेलेला होता. मालिकेच्या त्या वेळच्या पर्वाचा शेवटचा भाग आम्ही माझ्या मोबाईलवर लावला. अर्ध्यावर त्याला दम लागला.

"फुडचं तू बघ," तो म्हणाला. "उद्या येऊन सांग."

दुसरा अर्धा भाग पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आला होता. मी घरी नीट लक्ष देऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा सांगितला. कप्तान ग्रहावर एकटाच मागे राहतो, यान निघून जातं, संपतं.

"न्यायला न्हाई आले त्याला?"

"नाही ना."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी मिरजगावच्या कब्रस्तानात मी त्याला मूठमाती दिली.

त्यानंतर त्याची फार आठवण यायला लागली म्हणून जुने भाग काढून बसलो. आता लाईट जात नाही, सगळं सलग दिसतं. इंजिनियरचा भाग आला. कप्तानाने यान फिरवलं नव्हतं. म्हातारा तिथेच मेला, सगळे मिनिटभर खाली मान घालून उभे राहिले आणि निघून गेले. बाकीचे दोघेही मेले होते. बदली कोणाचीच झाली नव्हती.

नव्या पर्वात कप्तानाला परत आणलाय, म्हणून ग्रुपवर शिव्या चालल्यात. मी निम्मा भाग पाहिला आणि मोबाईल बंद केला. पुढचं बघवत नाही. न्यायला आले का, एवढंच त्याने मला विचारलं होतं. आले, म्हणायला माझं काय जात होतं?